वधू-रंगभूषा (यवतमाळ जिल्हा)

लग्नासाठी वधूची त्वचा तयार करून मेकअप, केशरचना व साडी नेसवणे हा व्यवसाय. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड येथील ब्यूटी पार्लरांना एप्रिल-मेमध्ये याचे मोठे काम असते. पारा 42 अंशांपुढे जातो तेव्हाच लग्नसराई असते. त्यामुळे घामात मेकअप टिकवणे ही इथली खरी कसोटी.

नवे प्रसाधन आधी कानामागे लावून पाहतात आणि खाज किंवा लाली येते का ते दिवसभर बघतात. ब्लीच, फेशियल ऐन आदल्या दिवशी टाळावे. हळदीनंतर केसांच्या कडेला, कानामागे व मानेच्या घड्यांत पिवळेपणा राहतो. तो निघाला नाही तर फाउंडेशनचा रंग पालटतो, म्हणून कापसावर थोडे तेल घेऊन तो हलक्या हाताने पुसतात. फाउंडेशनची छटा जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात ठरते. सावळ्या नवरीला दोन छटा उजळ करण्याची रीत सर्रास आहे, पण ती चुकीचीच: चेहरा राखाडी दिसतो, मान वेगळी पडते. जाड थरापेक्षा पातळ थर टिकतात. मुंडावळ्या कपाळाला घासतात, तिथे पावडर नीट बसवावी लागते. ब्रश प्रत्येकीनंतर धुणे आणि लिपस्टिक कांडीवरून थेट न लावणे, ही स्वच्छता अत्यावश्यक.

गावोगावी हे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. हिंदी चित्रपटसृष्टीत मात्र संघटनेच्या नियमांमुळे त्यांना मेकअप आर्टिस्ट म्हणून सदस्यत्व नाकारले जाई. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ती बंदी रद्द केली.