कार्ताझ आणि पश्चिम किनारा

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगालची एकंदर लोकसंख्या दहा ते पंधरा लाखांच्या आसपास होती, आणि एवढ्याशा राज्याने आफ्रिकेला वळसा घालून यावे व मोझांबिकपासून मलाक्कापर्यंतच्या दर्यावर हक्क सांगावा, ही गोष्ट केवळ तोफांच्या आणि जहाजबांधणीच्या श्रेष्ठतेने पुरती उलगडत नाही. तोफांनी बंदरे जिंकता येतात. पण अफाट पाण्यावर ये-जा करणाऱ्या असंख्य गलबतांकडून वर्षानुवर्षे पैसा वसूल करायचा, तर कमी खर्चाची आणि व्यापाऱ्याच्या अंगवळणी पडेल अशी एखादी रीत लागते. पोर्तुगीजांनी ती रीत एका कागदात शोधली. ‘कार्ताझ’ हा शब्द अरबी ‘किर्तास’, म्हणजे कागद, यावरून आला असावा असे मानतात. त्याचा अर्थ समुद्रातून जाण्याचा लेखी परवाना.

1498 मध्ये वास्को द गामा कालिकतजवळ उतरला, त्यापूर्वी या समुद्रात शांतता नांदत होती असे नव्हे. मलबार किनाऱ्यावर चाचे होते, बंदरांचे धनी जकात घेत होते आणि एकमेकांची गिऱ्हाइके पळवीतही होते. मात्र खुल्या पाण्यावरून जाण्यासाठीच कोणाची तरी परवानगी लागते, ही कल्पना येथील नाखुद्यांना नवी होती. (नाखुदा म्हणजे जहाजाचा प्रमुख.) 1502 च्या सुमारास परवाने देण्यास सुरुवात झाली. 1508 मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला आणि त्यात व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला, परंतु पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत आल्मेदाने त्याचे उट्टे काढले, आणि नंतर आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा, 1511 मध्ये मलाक्का व 1515 मध्ये होर्मुझ ताब्यात घेतल्यावर या कागदामागे ठाण्यांची साखळी उभी राहिली. लाल समुद्राच्या तोंडाशी असलेले एडन मात्र 1513 मध्ये हाती लागले नाही, आणि ही फट पुढे पोर्तुगीजांना चांगलीच महागात पडली.

कार्ताझवर जहाजाचे नाव व आकारमान, नाखुद्याचे नाव, खलाशी, बरोबरची शस्त्रे, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर अशी नोंद असे, आणि त्याखाली काय नेऊ नये याची लांबलचक यादी. मिरी आणि काही मसाल्यांचे पदार्थ वर्ज्य, कारण त्यांची मक्तेदारी पोर्तुगालच्या राजाकडे. लोखंड, शिसे, गंधक, सोरा वर्ज्य, कारण त्यांपासून शस्त्रे व दारूगोळा बनतो. तुर्क प्रवासी वर्ज्य, कारण ते शत्रू. धंद्याचे हित आणि युद्धाची सावधगिरी एकाच यादीत, एकाच शाईने उतरत होती. पोर्तुगीज गस्तीला वाटेत गाठ पडल्यास हा कागद दाखवावा लागे. तो नसला किंवा मजकुराबाहेरचा माल निघाला तर जहाज मालासकट जप्त होई.

या परवान्याचे शुल्क अगदीच किरकोळ होते, आणि व्यवस्थेची खरी मेख येथेच आहे. कार्ताझ घेणाऱ्या जहाजाला जाता-येता गोवा, दीव किंवा होर्मुझ अशा ठाण्याला लागून जकात भरण्याची अट असे, आणि पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा या जकातीतूनच उभा राहत असे. बदल्यात मिळे ते संरक्षण. ते मलबारी चाच्यांपासून काही अंशी होतेच, पण मुख्यतः खुद्द पोर्तुगीजांपासूनच होते, आणि जो धोका आपण निर्माण केला त्याच्यापासूनचे अभय विकण्याचा हा व्यवहार कागदावर उतरल्यामुळे कायद्यासारखा दिसू लागला. पुढे गोवा ते खंबायत या मार्गावर व्यापारी गलबतांचे तांडे लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात नेले जाऊ लागले. त्यांना ‘काफिला’ म्हणत.

या दाव्याला तात्त्विक आधारही देण्यात आला. समुद्र सर्वांना खुला असल्याचा नियम युरोपातील ख्रिस्ती राष्ट्रांपुरता आहे, पूर्वेकडच्या लोकांना तो लागू नाही, असे इतिहासकार जुआंव द बारुश याने मांडले. युरोपातूनच त्याला उत्तर मिळाले ते 1609 मध्ये, डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसच्या ‘मारे लिबेरुम’ म्हणजे ‘मुक्त समुद्र’ या पुस्तिकेतून. पण 1603 मध्ये डचांनी पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या लुटीचे समर्थन करताना हा विचार आकाराला आला, हे विसरता येत नाही.

भारतीय सत्तांनी हे का चालू दिले, याचे उत्तर त्यांच्या खजिन्यात आहे. आदिलशाही, निजामशाही आणि पुढे मोगल यांचा मुख्य महसूल शेतसाऱ्याचा होता, त्यामुळे आरमार उभारण्यापेक्षा तहात काही कार्ताझ मोफत लिहून घेणे त्यांना स्वस्त पडे. गुजरात जिंकल्यावर अकबरानेही हजच्या वाटेवरील जहाजासाठी असाच परवाना घेतला. त्यावर येशू व मेरी यांची चित्रे असत, असा परवाना बाळगून जाणे पाप असल्याने हज बंधनकारक राहत नाही, असा निर्वाळा दरबारातील एका धर्मपंडिताने दिल्याची नोंद इतिहासकार बदायुनीने केली आहे. बादशहाची सत्ता किनाऱ्यापाशी संपत होती, हे त्या निर्वाळ्यातून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही तहनाम्यातून दिसत नाही. 1613 मध्ये तर जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ जहाज कार्ताझ जवळ असतानाही पोर्तुगीजांनी पकडले. त्या संतापाचा लाभ सुरतेत नुकत्याच पाय रोवू पाहणाऱ्या इंग्रजांना झाला.

तोवर व्यवस्थाही आतून सैल झाली होती. सुमात्राच्या आचे बंदरातून मिरी परस्पर लाल समुद्राकडे जाऊ लागली होती, आणि खुद्द पोर्तुगीज अधिकारी खासगी व्यापारात गुंतल्यामुळे पाहून न पाहिल्यासारखे करण्याचे दर ठरून गेले होते.

परवान्याची कल्पना मात्र टिकली, आणि तिचा अर्थ कोकणात नेमका ओळखला गेला. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधण्यास घेतली, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमाराला राज्याच्या स्वतंत्र अंगाचे स्थान दिले व टोपीकर म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांच्या मागे त्यांचे राजे उभे असल्याचा इशाराही दिला. ‘सरखेल’ म्हणजे आरमारप्रमुख असलेल्या कान्होजी आंग्र्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना आपले दस्तक घेणे भाग पाडले. दस्तक म्हणजे कार्ताझच, फक्त मोहोर मराठी. आपल्या परवान्याखाली जाणाऱ्या कोणत्याही जहाजाला अभय असावे असे मुंबईकर इंग्रजांचे म्हणणे होते, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या जहाजांची गोष्ट निराळी, तिच्या निशाणाआड देशी व्यापाऱ्यांचा माल दस्तकाविना जाऊ देणार नाही, अशी आंग्र्यांची भूमिका होती. वाद हद्दीचा आणि जकातीचा होता. इंग्रजी कागदपत्रांत मात्र त्याला चाचेगिरी हे नाव पडले, आणि दोनशे वर्षे हेच काम करणाऱ्या पोर्तुगीजांना ते कोणी लावले नाही.

1721 मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्ला फसला. कान्होजींनंतर मात्र आंग्र्यांत फूट पडली, तुळाजी आंग्र्यांचे पेशव्यांशी बिनसले, आणि 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा समुद्रावर इंग्रजी तोफा होत्या आणि जमिनीवर पेशव्यांची फौज त्यांच्या साहाय्याला आलेली होती. तीन वर्षांनी इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि मोगल बादशहाच्या नावे तेथील आरमाराचा अधिकारही स्वतःकडे घेतला.