रत्नागिरी शहरातील सार्वजनिक जागांचे नियोजन

रत्नागिरी शहरातील सार्वजनिक जागांचे नियोजन हा रत्नागिरी नगर परिषदेच्या नगर नियोजनविषयक कार्याचा भाग आहे. रस्ते, पदपथ, पाखाड्या, चौक, उद्याने, क्रीडांगणे व बाजार यांची आखणी, देखभाल आणि त्यांवरील नागरिकांचा हक्क राखणे, या बाबी त्यात येतात. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. महानगरपालिकांप्रमाणे स्वतंत्र नागरी रचना विभाग लहान नगर परिषदांकडे सहसा नसतो. त्यामुळे हे काम नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, नगर रचनाकार व अभियंते यांच्या समन्वयावर अवलंबून राहते.

शहराची रचना

रत्नागिरी हे अरबी समुद्र, भाट्ये खाडी आणि जांभ्या दगडाचा सडा यांच्यामध्ये वसलेले आहे. १८२२ मध्ये दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून येथे हलविण्यात आले व त्यानंतर कचेऱ्या, शाळा आणि बाजार यांभोवती गाव वाढत गेले. जुन्या वस्तीत आळ्या, वाड्या व मोहल्ले आहेत. चिऱ्यांचे गडगे आणि चढउतारावरील पायऱ्यांच्या पाखाड्या हे तिचे वैशिष्ट्य होय. पाखाडी ही केवळ पायवाट नसून पावसाचे पाणी उताराने वाहून नेणाऱ्या रचनेचाही ती भाग असते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या शहरात रस्ता, गटार आणि वहाळ यांचा एकत्र विचार केल्याशिवाय कोणतीही मोकळी जागा टिकत नाही.

शहराचा मुख्य रस्ता साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका आणि जयस्तंभ या क्रमाने जुन्या बाजाराकडे उतरतो. याच मार्गाच्या आसपास शहराचे बहुतेक सार्वजनिक व्यवहार चालतात. कोकण रेल्वेचे स्थानक जुन्या शहरापासून दूर असल्याने कुवारबाव, नाचणे व मिरजोळे या भागांत वस्ती वाढली. हे भाग ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात. त्यामुळे रोज शहरात येणाऱ्या अनेकांना शहराच्या कारभारात मत नसते आणि शहरालगतच्या वाढत्या वस्तीच्या आखणीवर नगर परिषदेचा अधिकार नसतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये नगर रचना अधिनियम संमत झाला. भारतातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा मानला जातो. त्याच सुमारास स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडिस यांनी भारतातील अनेक शहरांचे अहवाल तयार केले. जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी तिच्यातील थोडी बांधकामे दूर करून हवा, उजेड व मोकळी जागा मिळवावी, असा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

जागा आखणे आणि ती सर्वांसाठी खुली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोकणात याच काळात स्पष्ट झाले. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय घेतला. त्याला अनुसरून तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. मात्र तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर सत्याग्रह झाला. नगरपालिकेतील सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी या चळवळीला पाठिंबा दिला. तथापि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि हा वाद १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने अस्पृश्यांच्या बाजूने मिटला. ठराव करणारी संस्था आणि तो अमलात आणणारे नेतृत्व यांत किती अंतर असू शकते, याचे हे उदाहरण होय.

रत्नागिरीत १९३१ मध्ये उभे राहिलेले पतितपावन मंदिर हे सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले ठिकाण नगरपालिकेने नव्हे, तर वि. दा. सावरकर यांच्या प्रेरणेने व उद्योजक भागोजी कीर यांच्या खर्चाने उभारले गेले.

कायदेशीर चौकट

नगर परिषदेचा कारभार महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. नियोजनासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. या कायद्यानुसार नगर परिषद ही नियोजन प्राधिकरण ठरते. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत नगर नियोजनासह उद्याने, बगीचे व क्रीडांगणे यांचा उल्लेख आहे.

विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यानंतर नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. या समितीत प्राधिकरणाच्या सदस्यांबरोबर नगर रचना संचालकांनी नेमलेले तज्ज्ञ असतात. अंतिम मंजुरी राज्य शासन देते. योजनेचा फेरविचार किमान २० वर्षांतून एकदा करावा लागतो. म्हणजेच एखाद्या मैदानाचे भवितव्य ठरताना सामान्य नागरिकाला बोलण्याची रीतसर संधी पिढीतून एकदाच येते.

पथ विक्रेता अधिनियम, २०१४ नुसार विक्रेत्यांच्या जागा ठरविण्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात. मासळी, भाजी व हंगामात आंबा विकणाऱ्यांवर जगणाऱ्या बाजारपेठेसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

नेतृत्वाची विभागणी

नगराध्यक्ष सभेचे अध्यक्षस्थान भूषवितात व राजकीय दिशा ठरवितात. मुख्याधिकारी हे राज्यसेवेतील अधिकारी असून अंमलबजावणी, बांधकाम परवानगी आणि अतिक्रमण निर्मूलन त्यांच्या अखत्यारीत येते. नगर रचनाकार व अभियंतेही बदलीपात्र असतात. नगराध्यक्षाच्या निवडीची पद्धतही वारंवार बदलली आहे. २०१६ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. राज्यातील बहुसंख्य नगर परिषदांचा कारभार २०२१-२२ पासून २०२५च्या अखेरीपर्यंत प्रशासकांच्या हाती होता. विकास योजनेची मुदत वीस वर्षांची, तर ती राबविणाऱ्यांचा कार्यकाळ काही वर्षांचा, ही या व्यवस्थेची मूळ अडचण आहे.

दुसरी अडचण मालकीची आहे. बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, मिरकरवाडा बंदर मत्स्यव्यवसाय विभागाकडे, तर थिबा राजवाडा व लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. मिऱ्या–नागपूर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग आहे आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामांना सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. नागरिकाच्या दृष्टीने मात्र मांडवीचा किनारा, रस्ता आणि चौक हे एकच शहर असते. त्यामुळे येथील नेतृत्वाचे मुख्य काम स्वतः बांधण्यापेक्षा विविध खात्यांना एका आराखड्यावर आणण्याचे आहे.

आरक्षणांचा प्रश्न

विकास योजनेत उद्यान, मैदान किंवा बाजार यांसाठी दाखविलेल्या खासगी जमिनीस आरक्षण म्हणतात. आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. १९६६च्या अधिनियमाच्या कलम १२७ नुसार योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. ही मुदत मूळ ६ महिन्यांची होती. ती पुढे १२ व २०१५च्या दुरुस्तीने २४ महिने करण्यात आली. गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की, नुसता पत्रव्यवहार किंवा ठराव म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे.

मोबदल्यासाठी निधी नसलेल्या नगर परिषदांपुढे हस्तांतरणीय विकास हक्क व समावेशक आरक्षण हे पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायात मालक जागेच्या काही भागावर सार्वजनिक सुविधा उभारून देतो व उरलेला भाग स्वतः विकसित करतो. मात्र वाढीव बांधकामास मागणी कमी असलेल्या लहान शहरांत विकास हक्कांना मोठ्या शहरांसारखा भाव मिळत नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या भूखंडांच्या आखणीत १० टक्के खुली जागा सोडावी लागते. परंतु डोंगरउतारावर लहान लहान भूखंड पडत गेले, तर ही मर्यादा गाठली जात नाही आणि मोकळी जागा मिळत नाही.

तुलनात्मक उदाहरणे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगर परिषदेत मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण सुरू झाले व कचरा टाकण्याच्या जागेचे रूपांतर लोक पाहण्यास येतील अशा ठिकाणात झाले. अल्प साधनांच्या नगर परिषदेतही असे काम होऊ शकते, हे त्यातून दिसले. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ उभारले. वेंगुर्ल्यात पुढाकार प्रामुख्याने एका अधिकाऱ्याचा होता, तर पुण्यात तो लेखी धोरणाच्या रूपात आला. अधिकारी बदलले तरी धोरण मागे राहते. म्हणून रत्नागिरीसारख्या शहरात वैयक्तिक पुढाकाराला ठराव, आराखडा व अंदाजपत्रकीय तरतूद यांची जोड मिळणे निर्णायक ठरते.

हेही पहा

रत्नागिरी
महाड सत्याग्रह
पतितपावन मंदिर
७४वी घटनादुरुस्ती
पॅट्रिक गेडिस