कुठं सापडलं?

गेल्या डिसेंबरात आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. हिरव्या कापडावर ओळीने मांडलेली जुनी नाणी. काही काळी ठिक्कर, काही हिरवट, दोन-तीन मात्र कालच पाडल्यासारखी चकाकणारी. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘वर्षभराची कमाई.’ पाठवणारा आपलाच मित्र, शाळेत चौथ्या बाकावर खिडकीशी बसणारा. इंग्लंडात नोकरी करून तो निवृत्त झाला आणि आता दर शनिवारी मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून फिरतो. ग्रुपवर अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला. त्यावर त्याने विचारलं, ‘काय बे, मेळाव्याला येताना मशीन आणू का? पवनीला नदीकाठी फिरवू. हंडा सापडला तर शाळेला छत!’

गमतीत विचारलेला प्रश्न होता. पण मी त्याला लिहिलं की याचं उत्तर स्मरणिकेत देतो. संपादक मंडळ माझ्याकडे ‘इतिहासावर काहीतरी’ मागतच होतं.

आधी त्या यंत्राविषयी थोडं सांगतो. काठीच्या टोकाला एक गोल तबकडी असते, तिच्यात तारेचं वेटोळं. त्यातून सतत बदलता विद्युतप्रवाह सोडला की खाली मातीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असेल तर त्यात बारीक प्रवाह उमटतात, त्यांचा प्रतिसाद यंत्र पकडतं आणि कानात टूंऽऽ असा आवाज येतो. सुटं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंत कळतं. सातवाहनांचं नाणं आणि सोड्याच्या बाटलीचं झाकण यांत फरक करताना मात्र यंत्राची पंचाईत होते. मित्र सांगतो, दहा वेळा खणलं तर नऊ वेळा खिळे, झाकणं आणि ट्रॅक्टरचे नटबोल्टच निघतात.

त्याच्या फोटोतल्या नाण्यांचा मला फारसा हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो त्याने नंतर पाठवलेल्या वहीच्या पानाचा. प्रत्येक नाण्यापुढे तारीख, शेत, नकाशावरचा आकडा आणि खोली. तिकडे शेतमालकाची परवानगी घेतल्याशिवाय यंत्र चालवता येत नाही. १९९६च्या कायद्याप्रमाणे ‘खजिना’ या व्याख्येत बसणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. सुटं नाणं त्या व्याख्येत बसत नाही, तरीही ते स्वखुशीने नोंदवण्यासाठी १९९७ पासून सरकारी मदतीने एक योजना चालते. आपला मित्र प्रत्येक नाणं तिथे नोंदवतो.

तिथलाच एक किस्सा सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याने एरिक लॉज नावाच्या ओळखीच्या माणसाला यंत्र घेऊन बोलावलं. हातोड्याऐवजी निघाली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी. लॉजने थोडी उकरली आणि मग हात थांबवला, अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी येऊन पद्धतशीर खणलं. जवळपास १५ हजार नाणी निघाली, शिवाय दागिने आणि चांदीचे चमचे. सारं एका लाकडी पेटीत कसं रचलं होतं, हेही त्यामुळे समजलं. बक्षीस ठरलं १७ लाख ५० हजार पौंड आणि लॉजने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे!

लॉजने हात थांबवला, ही त्या गोष्टीतली मला सगळ्यात मोठी बाब वाटते. असं का, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन सापडींवरून सांगतो.

पहिली नाशिकजवळच्या जोगलथेंबीची, १९०६ सालची. तिथे १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एका ठिकाणी मिळाली. सगळी नहपान या क्षत्रप राजाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. खालचा नहपानाचा चेहरा पुसट दिसतो आणि त्यावर जिंकणाऱ्याचं चिन्ह. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, बलश्रीने, आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडून टाकल्याचं कोरवून ठेवलं आहे. आईने मुलाचं कौतुक केलं तर त्यात थोडी अतिशयोक्ती असणारच, असं कोणी म्हणालं असतं. नाण्यांनी ती शंका घालवली. आता विचार करा, हीच नाणी एकेक करून सराफांकडे गेली असती तर? एखादं ठसा मारलेलं नाणं कुतूहलाने कोणी जपलंही असतं. पण तेरा हजारांपैकी नऊ हजार, हे प्रमाण कधीच कळलं नसतं. तो हंडा एकत्र राहिला म्हणून साक्ष देऊ शकला.

दुसरी सापड आपल्या विदर्भातली. १९३९ साली मंगरुळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा मिळाला. तऱ्हाळा तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आता वाशीम जिल्ह्यात. सोनं नव्हे, चांदीही नव्हे. पोटीन, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांची मिसळ. मोडीत घातली तर कोणी चहाही पाजणार नाही. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती एकेक करून वाचली. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरांत राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. त्यात गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही ओळखीची नावं होतीच. पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी ही तीन नावंही निघाली, जी पुराणांतल्या राजांच्या यादीत नाहीत. म्हणजे या तीन राजांनी इथे राज्य केलं, हे एरवी आपल्याला कुठूनही समजलं नसतं. एवढ्या जुन्या राजांची नावं एका मडक्याच्या भरवशावर राहिली होती. ते मडकं भांडी ओतणाऱ्याकडे गेलं असतं तर ती कायमची बुडाली असती.

आता आपल्या गावाकडे येतो.

भिवापूर म्हटलं की लोकांना मिरची आठवते. सातऱ्यावर बसून देठं खुडणाऱ्या बायका, लालभडक ढीग, आणि शाळेपर्यंत येणारा तो ठसका. २०१६ मध्ये आपल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवली. नाण्यांच्या बाबतीतही हा मुलूख काही कमी नाही. सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर पवनी. वैनगंगेच्या काठचं ते तटबंदीचं शहर आपल्याला जत्रेपुरतं माहीत होतं. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप वर आला. दुसरीकडे कुही तालुक्यातलं अडम. तिथे १९८८ पासून अमरेंद्र नाथ यांनी खोदकाम केलं. तटबंदीचं गाव, नाणी, आणि ‘अस्सक जनपदाची’ अशा अक्षरांची मुद्रा मिळाली. सोळा महाजनपदांतला अस्सक आपण पुस्तकात पाठ करायचो आणि त्याची खूण आपल्याच जिल्ह्यात पुरलेली होती.

पवनीचं उत्खनन होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा आपण आठवीत होतो. पहिला पाऊस पडला, बांध धुऊन निघाले की पोरांना कधीकधी ‘जुने पैसे’ सापडत. त्यांचं आपण काय केलं, हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मोडवाला आला की तांब्याचं काहीही चालायचं, त्या बदल्यात कुल्फी. मी स्वतः दोनदा अशी कुल्फी खाल्ली आहे. त्या दोन कुल्फ्यांत कोणते राजे वितळले, देव जाणे.

एक नाणं मात्र वाचलं. मधल्या सुट्टीत वर्गातल्या एकाने खिशातून काढून दाखवलं. जाडसर, ओबडधोबड, बोराएवढं. मला ते आवडलं आणि पाच गोट्या देऊन मी ते घेतलं. कंपासपेटीत ठेवलेलं ते नाणं इतिहासाच्या सरांच्या नजरेस पडलं. मला वाटलं, जप्त होणार आणि वर पट्टी बसणार. सरांनी ते खिडकीच्या उजेडात नेलं, बोटाने माती पुसली, बराच वेळ पाहिलं. मग हत्ती दाखवला. तोपर्यंत मला त्यात हत्ती दिसलाच नव्हता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कुठं सापडलं?”

मी म्हणालो, “माहीत नाही सर, गोट्यांवर घेतलं.”

सरांनी नाणं माझ्या हातात परत ठेवलं. रागावले नाहीत. “विचारून ये आणि लिहून ठेव,” एवढंच म्हणाले. मी विचारलं नाही. परीक्षा आली, उन्हाळा आला, ते राहूनच गेलं.

पुढे कितीतरी वर्षांनी मी ते एका जाणकारांना दाखवलं. सातवाहनांचं पोटीन, म्हणाले. नाव लिहिलेली कड झिजलेली असल्याने राजा सांगता येणार नाही. आणि मग तोच प्रश्न, “कुठलं हे?” पवनीच्या पांढरीतलं असेल तर त्यात नवल नाही. पण भिवापूरच्या शिवारातलं असेल, एखाद्या विहिरीच्या खोदकामातून आलं असेल, तर त्या जागी जुनी वस्ती असण्याचा संभव आहे आणि तिथे जाऊन पाहायला हवं. नाणं तेच, पण जागेनुसार त्याचं बोलणं बदलतं. माझं नाणं मुकं आहे आणि ते मुकं मी केलं.

म्हणून मित्रा, यंत्र आणू नकोस. यात कायद्याचाही भाग आहे. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. इतरत्र सापडलेल्या वस्तूंना १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. (दहा रुपये! त्या काळी ते मोठेच होते, आता त्यात कुल्फीही येत नाही.) न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद. कळवताना तीन गोष्टी लिहाव्या लागतात: काय सापडलं, कुठं सापडलं आणि केव्हा. सरांचा प्रश्न कायद्यातही होता, हे मला फार उशिरा कळलं.

मालक पुढे आला नाही तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक, असा वाटा त्या कायद्यात आहे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. मला विचाराल तर घोडं इथेच अडतं. सोन्याला हे ठीक. तऱ्हाळ्यासारख्या पोटीनच्या मडक्याची धातू म्हणून किंमत ती काय? प्रामाणिकपणे कळवणाऱ्याच्या हाती पाच-पन्नास रुपये आणि कचेरीच्या खेपा. इंग्लंडात बाजारभावाने बक्षीस मिळतं, म्हणून लोक कळवतात. आपल्याकडे लोक घाबरतात आणि गप्प बसतात. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडला चिखलीत २१६ सोन्याची नाणी मजुरांना मिळाली, ती पोलिसांनी शोधून ताब्यात घेतली तेव्हा कुठे पुरातत्त्व खात्यापर्यंत गेली. कायदा बदलायला हवा असं माझं मत आहे. पण तो बदलेपर्यंत आपल्या शेतात काही निघालं तर निदान मोबाईलवर जागेचा फोटो काढा, घासूनपुसून चकचकीत करू नका, एकत्र मिळालेलं एकत्र ठेवा आणि कळवा. आपल्यातले कितीतरी जण अजून शेती करतात, विहिरी खणतात, बांध घालतात. तुमच्याशिवाय हे कोणाच्या हाती नाही.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पवनीला जाऊ. जगन्नाथ टेकडी पाहू, तटावरून नदी पाहू. येताना नागपूरला थांबणाऱ्यांनी अजब बंगलाही पाहावा. मित्रा, तू यंत्राऐवजी ती वही घेऊन ये, सगळ्यांना दाखवू.

आणि ज्याने मला ते नाणं दिलं, तोही मेळाव्याला येतो आहे. यादीत नाव पाहिलं. नाणं खिशात घेऊन येणार आहे मी. बाबा रे, पाच गोट्या पुन्हा देतो, हव्या तर दहा देतो. फक्त आठवून सांग, कोणतं शेत होतं ते?