काकांचा खोकला

परवा मुरबाडला काकांकडे गेलो होतो. ओटा चढतानाच त्यांना धाप लागली. १९७०च्या दशकात शहापूर-मुरबाडच्या काही पोरांबरोबर ते ठेकेदाराकडून एका पॉवरहाऊसमध्ये वाफेच्या पायपांना अ‍ॅस्बेस्टॉसचं लिंपण करायचे. "गिरणीतून पीठ दळून आल्यासारखे दिसायचो रे!" काका हसले आणि पुन्हा खोकले.

हे तंतू फुप्फुसात रुततात आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. म्हणूनच २७ जानेवारी १९९५ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं ठेवा. पण काकांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. मग नोंद कसली?

तुमच्या घरी कुणी असं काम केलंय? विचारा, लिहून ठेवा.