आंधळगावहून पहिला निरोप

तारीख २९ सप्टेंबर २००६, शुक्रवार. नवरात्र चालू आहे. भंडाऱ्याहून निघालेल्या एसटीतल्या बऱ्याच बायका मोहाडीला चौंडेश्वरीच्या दर्शनाला उतरल्या, तुम्ही तसेच पुढे आंधळगावला आलात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्यांत पाणी साचलेलं आहे, धान निसवलं आहे. कोष्टी वस्तीतून माग चालल्याचा आवाज येतो. ऐनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशांचं सूत इथे येतं आणि धोटा इकडून तिकडे फेकत कोशाचं कापड विणलं जातं. या गावाचं नाव बाहेर कुणी घेतलं, तर या कापडासाठीच.

तुमच्या खिशात आजचा फोन आहे, पण इथे तो निव्वळ काच आहे. पानटपरीवर ज्याच्याकडे मोबाइल आहे, त्याचा फोन फक्त बोलण्यापुरता. मराठीत चोवीस तास बातम्या देणारी एकही वाहिनी अजून सुरू झालेली नाही. ‘झी २४ तास’ पुढच्या वर्षी येईल. संध्याकाळ झाली की लोक सह्याद्रीच्या किंवा ई टीव्हीच्या बातम्या लावतात. तिकडे अमेरिकेत तीनच दिवसांपूर्वी फेसबुक सर्वांसाठी खुलं झालं आहे. दहा दिवसांनी गूगल यूट्यूब विकत घेईल, १६५ कोटी डॉलरला. बातमी कोणाच्या हातात राहणार, हे ठरवणारे सौदे याच पंधरवड्यात होत आहेत, आणि आंधळगावात त्यांची कुणकुणही नाही.

पोलिस ठाण्याच्या समोर थांबा. खैरलांजी याच ठाण्याच्या हद्दीत येतं. संध्याकाळी तिथल्या भोतमांगे या दलित कुटुंबावर जमाव चालून जातो. सुरेखाबाई, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन, चौघंही मारली जातात. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचतात. ज्यांच्याविरुद्ध सुरेखाबाई आणि प्रियंकाने पोलिसांपुढे साक्ष दिली होती, ते आजच जामिनावर सुटले आहेत. प्रियंकाचा मृतदेह उद्या कालव्यात सापडेल. मदतीचा निरोप या ठाण्यापर्यंत पोहोचतो आणि उपयोगाला येत नाही. पुढे हलगर्जीपणाबद्दल इथल्या पोलिसांवर निलंबनाची कारवाई होईल. पण आज रात्री महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या बातमीचा सर्वांत जवळचा माणूस या परिसरात आहे, आणि त्याच्यासमोर एकही वार्ताहर वही उघडून बसलेला नाही.

तुम्हाला ओरडावंसं वाटेल. तुमचा आवाज इथे कुणाला ऐकू जात नाही.

तीन दिवस पुढे या. २ ऑक्टोबर, विजयादशमी, नागपूरची दीक्षाभूमी. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून लाखो माणसं जमली आहेत. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे ठेले, पायाला भेगा पडलेली म्हातारी माणसं. भंडारा जिल्हा इथून जवळच आहे. गर्दीत फिरा, कुणालाही विचारा: खैरलांजी? बहुतेकांना नावही माहीत नाही. माझ्या मते आपल्या पत्रकारितेच्या इतिहासात याहून जड दिवस शोधावा लागेल. ज्यांच्या काळजाशी या बातमीचा थेट संबंध होता, ते लाखोंच्या संख्येने एका मैदानात उभे होते, आणि बातमी त्यांच्यापर्यंत आली नाही.

जी थोडीफार आली, तीही वाकडी होऊन आली. सुरुवातीच्या काही वृत्तांत हत्यांमागे अनैतिक संबंधांचं कारण दिलं होतं. सांगणारा कोण, त्याचं हितसंबंधांशी नातं काय, घरातला वाचलेला माणूस काय म्हणतो, हे तीन प्रश्न विचारले असते, तर ती वाक्यं छापलीच गेली नसती. सत्यशोधन करणारे कार्यकर्ते गावात गेले, अहवाल लिहिले, छायाचित्रं हातोहात फिरली. इंग्रजी दैनिकात सविस्तर वृत्तान्त यायला २९ ऑक्टोबर उजाडला. सब्रिना बकवॉल्टर यांनी तो टाइम्स ऑफ इंडियात लिहिला. पुरता एक महिना. नोव्हेंबरात विदर्भातली शहरं पेटली, तेव्हा कुठे कॅमेऱ्यांच्या गाड्या या रस्त्याने धावल्या.

आता लांब उडी घ्या. जून २००९, डब्लिन. पत्रकार मार्क लिट्ल आयर्लंडच्या सरकारी वाहिनीवर, आरटीईवर, आहेत. त्या वाहिनीचे वॉशिंग्टनमधले ते पहिले प्रतिनिधी होते. अफगाणिस्तानातून त्यांनी वार्तांकन केलं. ‘प्राइम टाइम’ या कार्यक्रमाचे ते सूत्रसंचालक आहेत. त्यांचा चेहरा घराघरात ओळखीचा आहे, नोकरी पक्की आहे. त्याच वेळी तेहरानच्या रस्त्यांवर निवडणुकीच्या निकालाविरुद्ध लोक उतरले आहेत. परदेशी पत्रकारांना तिथे जायला बंदी आहे. २० जूनला नेदा आगा-सोल्तान ही तरुणी गोळी लागून पडते, आणि जगाला ते दिसतं ते एका फोनमधल्या चित्रफितीमुळे. विमानाने बातमीदार पाठवायचा, त्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, ही पद्धत त्या दिवशी अपुरी पडली. घटनेजवळ नेहमीच कुणीतरी असतं, आणि तो बहुधा पत्रकार नसतो.

त्या वर्षाच्या अखेरीस लिट्ल यांनी आरटीई सोडली आणि २०१० मध्ये डब्लिनमध्येच ‘स्टोरीफुल’ ही कंपनी सुरू केली. त्यांच्या छोट्या कचेरीत शिरा आणि खांद्यावरून पडद्याकडे बघा, कारण खरा कस इथे लागतो. २०११ साल आहे, इजिप्त, लिबिया, सीरिया पेटलेले आहेत. एक चित्रफीत आली आहे, अमुक शहरात गोळीबार झाल्याचं सांगणारी. कचेरीतली मुलं ती लगेच पुढे ढकलत नाहीत. मागची मशीद, पाण्याची टाकी, रस्त्याचं वळण उपग्रहाच्या नकाशावर शोधतात. सावली किती लांब आहे, म्हणजे वेळ कोणती. त्या दिवशी तिथे ऊन होतं की पाऊस. लोक बोलतात ती बोली त्याच भागातली आहे का. हीच फीत दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच नावाने आली होती का, हे सगळं तपासून होतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ज्याने ती टिपली त्याला गाठतात, त्याच्याशी बोलतात, वापरायला परवानगी घेतात. हे सगळं झालेली फीत मग जगभरच्या वृत्तसंस्था पैसे देऊन घेतात. विकला जातो तो भरवसा. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूज कॉर्पने ही कंपनी १ कोटी ८० लाख युरोला घेतली.

‘स्टोरीफुल’ सुरू झाली त्याच २०१० चा जुलै नागपुरातही पाहून घ्या. १४ तारखेला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने खैरलांजीच्या खटल्यात भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना दिलेली फाशी रद्द करून जन्मठेप दिली. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. खटला पुराव्यावर चालतो, आणि सुरुवातीचे दिवस हातचे गेले की पुरावाही जातो. त्या दिवसांत एखादा खमका बातमीदार तिथे असता, तर निकाल वेगळा लागला असता असं मी म्हणणार नाही. पण झाकायला इतकी मोकळीक राहिली नसती, एवढं मला खात्रीने वाटतं.

मराठीतही वाहिन्या सोडून स्वतःचं काही उभारणारी माणसं आहेत, त्यांच्या काळात जरा हिंडा. निखिल वागळे आयबीएन लोकमत २००८ मध्ये सुरू झाल्यापासून संपादक होते. २०१४ मध्ये ते बाहेर पडले. आज ते यूट्यूबवर स्वतः बोलतात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्यात सभेला जाताना त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, तेव्हा काचा फुटत असतानाची दृश्यं मिनिटांत राज्यभर पोहोचली होती. रवींद्र आंबेकर यांनी वाहिन्यांतली वर्षं मागे टाकून ‘मॅक्स महाराष्ट्र’ उभं केलं, त्यातूनच बायकांच्या प्रश्नांसाठी ‘मॅक्स वूमन’ आलं. मालकाच्या फोनविना बातमी करता येते, हे या माणसांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन दाखवलं. त्यांचं मोल मी कमी लेखत नाही.

तरी मनात येतं ते सांगतो. वाहिनीतून बाहेर पडल्यावर आपल्याकडे पहिल्यांदा टेबल, माईक आणि दिवे येतात. भाष्य स्वस्तात होतं. मोहाडी तालुक्यात पगारी माणूस ठेवणं, त्याच्या बातमीमागे वकील उभा करणं, आलेली चित्रफीत चार तास तपासून मगच लावणं, हे महाग पडतं आणि त्यावर जाहिराती मिळत नाहीत. लिट्ल यांच्या उद्योगाचं मर्म नेमकं इथे आहे: पडताळणी हेच विकायचं काम ठरवलं, म्हणून तिच्यासाठी माणसं पोसता आली. २०१७ मध्ये त्यांनी ऑन्या केर यांच्यासह ‘किन्झेन’ काढली, आणि पुढे तीही खोट्या आणि घातक मजकुरावर लक्ष ठेवू लागली. २०२२ मध्ये स्पॉटिफायने ती घेतली. मराठीत असं काम दुसऱ्यांना पुरवणारी संस्था चालू शकेल. दैनिकं आहेत, वाहिन्या आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांतून रोज शेकडो चित्रफिती येतात आणि त्या आधी लावल्या जातात, नंतर तपासल्या जातात.

आता आजच्या आंधळगावात परत या. मागावर बसलेल्या माणसाच्या बाजूला फोन आहे, एसटी स्टँडवरच्या पोराच्या हातात आहे, ठाण्याच्या बाहेर बाकावर बसलेल्या बाईच्या पदरातही आहे. तिची तक्रार आत लिहून घेतली की नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही वाहिनी सोडून नवं काही काढायच्या विचारात असाल, तर मुंबईत जागा बघण्याआधी या बाकावर बसा आणि तिला विचारा: काय झालं, कधी झालं, अजून कोणी पाहिलं? मग पाहणाऱ्याकडे जा. मग ठाण्यात आत जाऊन अधिकाऱ्याचं म्हणणं घ्या. लिहिण्याआधी तिला सांगा की नाव कुठे येईल आणि कुठे येणार नाही. या एका बातमीला दोन दिवस आणि एका माणसाचा पगार लागेल, तेव्हा पहिलं अंदाजपत्रक त्या पगारापासून मांडा.