अहमदनगरचा आश्रयधर्म

इराणात शाह इस्माईल सफवीचा रोष ओढवल्यामुळे इ. स. 1520 च्या सुमारास काशान सोडून जीव वाचविण्यासाठी समुद्रमार्गे गोव्यास उतरलेला, विजापूरच्या दरबारी फारशी कदर न झालेला आणि परंड्याच्या किल्ल्यात काही काळ विसावलेला शाह ताहिर हा विद्वान 1522 मध्ये अहमदनगरास आला, तेव्हा बुऱ्हाण निजामशहाने त्याला केवळ थारा न देता अध्यापनाचे आसनही दिले. किल्ल्यात त्याची प्रवचने होत आणि सुलतान स्वतः श्रोत्यांत बसे.

पुढे 1537 च्या सुमारास सुलतानाने शिया पंथ स्वीकारल्यावर किल्ल्यासमोर बारा इमामांच्या नावे लंगर उभारला गेला आणि त्याच्या खर्चासाठी जेऊरसारखी गावे इनाम लावून देण्यात आली. इराण-इराकातून येणाऱ्या सय्यद-विद्वानांचा ओघ अहमदनगराकडे वळला. अन्नछत्र, त्यामागे गावांचे कायम उत्पन्न आणि दरबारी मनसबीची आशा, अशी ही आश्रयव्यवस्था होती.

मात्र तिचा सारा आधार सुलतानाच्या मर्जीवर होता. आफाकी म्हणजे परदेशी आणि दख्खनी यांच्यातील तेढ वाढत जाऊन 1589 च्या राज्यक्रांतीत दख्खनी सरदार जमालखानाच्या पक्षाने शहरात शेकडो आफाकी कापून काढले; बालपणीच पित्यासह येथे आलेला इतिहासकार फिरिश्ता त्याच वर्षी विजापुरास निघून गेला. लंगराला गावे इनाम मिळाली, पण शेजाऱ्याच्या सद्भावाची सनद कोणताही सुलतान देऊ शकला नाही. आणि तिच्यावाचून आश्रय हा आश्रय राहत नाही.