तळटीप : मुरगावचे खनिजवाहू जहाज

इथे उल्लेख आलेले जहाज बल्क कॅरिअर आहे. त्याच्या पोटात सुटा माल थेट ओततात. कंटेनर जहाजे न्हावा शेवासारख्या बंदरात डबे उतरवतात, टँकर तेल नेतात. गोव्याच्या लोहखनिजाला मात्र हेच जहाज लागते. मांडवी-जुवारी नद्यांतून बार्ज खनिज घेऊन मुरगाव बंदरात या जहाजापाशी येतात. खरा धोका ओलाव्याचा. पावसात भिजलेले बारीक खनिज वरून कोरडे दिसते, पण लाटांच्या हेलकाव्यांनी त्याचा चिखल होतो, तो एका कुशीला सरकतो आणि जहाज कलंडते. २००९ मध्ये मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोज’ ही लोहखनिज भरलेली जहाजे बुडाली. अशा मालाची ओलाव्याची तपासणी सांगणारे आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक आहेत.